साडेतीन तास ईसीजीविना : दक्षिण कोकणातील एका हृदयविकाराच्या झटक्याचा हिशेब

हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी तातडीने उघडण्याच्या उपचाराविषयी बोलताना आपल्याकडे बहुतेक चर्चा कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांत तार-नळी घालून उपचार करण्याच्या कक्षात, सुरू होते आणि तिथेच संपते. कोणता स्टेंट घातला, किती टक्के अडथळा होता, डॉक्टर किती नावाजलेले होते, एवढ्यावरच ती फिरते. पुढील प्रकरणात कॅथलॅबमधला भाग बावीस मिनिटांचा आहे आणि त्याच्या अलीकडचा भाग जवळपास साडेसात तासांचा. या लेखाचा रोख त्या साडेसात तासांवर आहे. प्रकरणातला रुग्ण कोणी एक ओळखता येण्याजोगी व्यक्ती नाही. किनारी तालुक्यांत ज्या क्रमाने अशा घटना घडतात त्या क्रमावरून तो उभा केलेला आहे, आणि त्याच्या वेळा व मोजमापे त्या अर्थाने प्रातिनिधिक आहेत. जिथे प्रसिद्ध अभ्यासांचे आकडे दिले आहेत, ते मात्र त्या अभ्यासांतलेच आहेत.

रात्र

दक्षिण कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावात हापूसच्या बागा राखणारा ५६ वर्षांचा माणूस. मधुमेह नऊ वर्षांपासून, गोळ्या अनियमित, बिडी दिवसाला दहा-बारा, वजन ६८ किलो. जानेवारी महिना, मोहोराच्या फवारणीचे दिवस, त्यामुळे आदला दिवस दमणुकीत गेलेला. रात्री १.४० वाजता छातीच्या मधोमध दाटून आल्यासारखे वाटून तो जागा झाला. दुखणे जबड्याकडे सरकत होते आणि पोटात मळमळत होते. बायकोने विचारले तेव्हा त्याचे उत्तर ठरलेले होते: "माका काय जावक नाय, पित्त झालाहा." ओवा झाला, सोडा झाला, घरातली पित्ताची गोळी झाली. हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका आला की मळमळ आणि उलटी ही लक्षणे अनेकदा छातीतल्या दुखण्यापेक्षा जास्त जाणवतात. म्हणून पित्ताचा हा समज अडाणीपणातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. डॉक्टरांचीही तिथे फसगत होते, आणि या प्रकरणात ती झालीच.

३.१० वाजता शेजाऱ्याच्या रिक्षाने त्याला जवळच्या एका खासगी डॉक्टरकडे नेण्यात आले. डॉक्टर झोपेतून उठले, रक्तदाब पाहिला, तो ठीक वाटला, पित्ताचे इंजेक्शन दिले आणि सकाळी पुन्हा येण्यास सांगून रुग्णाला घरी पाठवले. ईसीजीचे यंत्र तिथे नव्हते आणि ते जिथे आहे तिथे जा असे कोणी सुचवलेही नाही. तासभर दुखणे जरा कमी झाल्यासारखे वाटले. ४.३५ वाजता मात्र दरदरून घाम सुटला, दोन उलट्या झाल्या आणि उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा घरच्यांनी त्याला गाडीत घातले आणि ५.०५ वाजता ते ग्रामीण रुग्णालयाच्या दारात पोहोचले.

पहिला ईसीजी

रुग्णालयात पोहोचल्यापासून सातव्या मिनिटाला, म्हणजे ५.१२ वाजता, बारा लीडचा, म्हणजे हृदयाची विद्युत हालचाल बारा बाजूंनी टिपणारा, ईसीजी निघाला. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पहिल्या वैद्यकीय भेटीपासून दहा मिनिटांत निघावा अशी अपेक्षा असते. या रुग्णालयापुरती ती पूर्ण झाली. पण पहिली वैद्यकीय भेट ३.१० वाजताच झाली होती, आणि तिथून मोजले तर हा ईसीजी १२२ मिनिटांनी निघाला. नोंदवहीत साहजिकच सात मिनिटे लिहिली गेली.

ईसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी भाग (आलेखातला ठोक्याच्या टोकानंतरचा तुकडा) वर उचललेला होता, तिसऱ्या लीडमध्ये दुसऱ्यापेक्षा जास्त, सुमारे चार मिलिमीटर. एक आणि एव्हीएल या लीडमध्ये तो खाली दबलेला होता. हे चित्र हृदयाच्या खालच्या भिंतीचे, आणि बहुधा उजवी रक्तवाहिनी बंद पडल्याचे. नाडी मिनिटाला ४८, रक्तदाब ९० वर ६०, रक्तातली साखर २८४. कर्तव्यावरच्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने एक गोष्ट फार चांगली केली: छातीच्या उजव्या बाजूला लीड लावून दुसरा ईसीजी काढला. त्यातही एसटी भाग उचललेला दिसला. याचा अर्थ उजव्या जवनिकेलाही (हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यालाही) मार बसला होता.

हा तपशील इथे थांबून पाहण्यासारखा आहे. रुग्णाच्या मेहुण्याच्या खिशात शेजाऱ्याकडून आणलेली सॉर्बिट्रेटची गोळी होती आणि ती जिभेखाली ठेवा असा त्याचा आग्रह चालला होता. छातीत दुखले की सॉर्बिट्रेट, हे ज्ञान आता गावोगावी पोहोचले आहे. परंतु उजवी जवनिका दुबळी झालेली असताना हृदयात परत येणाऱ्या रक्ताच्या भरण्यावरच सारा रक्तदाब टिकून असतो. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट गटातले औषध आहे. त्याने शिरा सैलावतात, भरणा घटतो आणि रक्तदाब कोसळतो. ज्याचा रक्तदाब आधीच ९० आहे त्याला ती गोळी देणे म्हणजे उरलेला आधार काढून घेणे होते. अधिकाऱ्याने गोळी दिली नाही. उलट शिरेतून ५०० मिलिलीटर सलाइन जलद गतीने दिले आणि नाडी वाढवणाऱ्या ॲट्रोपिनचे ०.६ मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले. नाडी ६४ वर आणि रक्तदाब १०४ वर ७० पर्यंत आला. रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण ९६ टक्के होते म्हणून ऑक्सिजन लावला नाही, आणि यावरूनही नातेवाईक नाराज झाले. प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असताना ऑक्सिजन लावल्याने फायदा होत नाही हे २०१७ सालच्या स्वीडनमधील मोठ्या चाचणीने दाखवले आहे. पण नाकाला नळी नाही म्हणजे उपचार नाही, ही समजूत कोणत्याही चाचणीपेक्षा चिवट आहे.

इंजेक्शन की थेट पुढे?

५.१२ नंतरची चोवीस मिनिटे या प्रकरणाचा गाभा आहेत.

निदान स्पष्ट होते: रक्तवाहिनी पूर्ण बंद आहे आणि ती उघडायला हवी. मार्ग दोन. पहिला प्राथमिक अँजिओप्लास्टीचा, म्हणजे रुग्णाला सरळ कॅथलॅबमध्ये नेऊन तारेने आणि फुग्याने वाहिनी उघडायची व स्टेंट बसवायचा. दुसरा, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जागीच देऊन मग पुढे पाठवायचे. समान वेळेत मिळत असतील तर पहिला मार्ग निश्चितपणे सरस आहे. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये २३ चाचण्यांतील ७,७३९ रुग्णांची एकत्रित आकडेवारी प्रसिद्ध झाली. तीत अल्पकालीन मृत्यूचे प्रमाण अँजिओप्लास्टीत ७ टक्के आणि इंजेक्शनात ९ टक्के होते, पुन्हा झटका येण्याचे ३ विरुद्ध ७, आणि पक्षाघाताचे १ विरुद्ध २ टक्के. पण 'समान वेळेत' हे दोन शब्द दक्षिण कोकणात पहाटे सव्वापाचला फार जड होतात.

युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांचा नियम सुटसुटीत आहे. निदानापासून वाहिनीतून तार पार होईपर्यंत १२० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणार असेल, आणि दुखणे सुरू होऊन बारा तास उलटलेले नसतील, तर इंजेक्शन द्यावे, आणि तेही निदानापासून दहा मिनिटांत. या तालुक्यातून चोवीस तास पथक तयार असणारी केंद्रे दोन दिशांना होती: घाट चढून कोल्हापूर, किंवा महामार्गाने दक्षिणेला गोवा. दोन्हीकडे सुमारे तीन तास. त्यात रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ आणि कॅथलॅबमधली मिनिटे मिळवली की कोणत्याही हिशेबाने सव्वातीन तासांच्या आत तार पार होणे शक्य नव्हते. याहून जवळ यंत्र असू शकते. पण ज्या कॅथलॅबचे पथक रात्री घरी झोपलेले असते तिचे अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही.

गणित एवढे सोपे असताना चोवीस मिनिटे कुठे गेली? पहिली सात मिनिटे ईसीजीचे छायाचित्र व्हॉट्सॲपवरून हृदयरोगतज्ज्ञांना पाठवून उत्तराची वाट पाहण्यात गेली. उत्तर ५.१९ ला आले आणि त्यात अधिकाऱ्याने स्वतः आधीच ओळखलेले निदान होते. अवघड किंवा संदिग्ध ईसीजीसाठी ही सोय अमूल्य आहे, यात वाद नाही. पण चार मिलिमीटर उचललेला एसटी भाग समोर असताना ती सात मिनिटे निदानासाठी नव्हे, धीर मिळवण्यासाठी खर्च झाली. तरुण अधिकाऱ्याला एकट्याने मेंदूत रक्तस्रावाचा धोका असलेले इंजेक्शन द्यायचे असते आणि बाहेर दहा नातेवाईक उभे असतात. त्याला धीर लागतो, हे मी समजू शकतो. मात्र तो धीर लेखी कार्यपद्धतीतून आधीच मिळालेला असायला हवा होता.

पुढची बारा मिनिटे नातेवाइकांना पटवण्यात गेली. मेहुण्याचे म्हणणे होते, "इथे काही करू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात नेतो, गाडी उभी आहे." यामागे अविश्वास आहे, आणि तो निष्कारण नाही. तालुक्याच्या रुग्णालयात अनेकांनी फक्त 'पुढे न्या' हेच वाक्य ऐकलेले असते. शिवाय अँजिओप्लास्टी म्हणजे खरा उपचार आणि इंजेक्शन म्हणजे गरिबाची तडजोड, अशी एक उतरंड लोकांच्या मनात बसलेली आहे. ती बसवण्यात आम्हा डॉक्टरांचाही हातभार आहे. अधिकाऱ्याने अखेर जे सांगितले ते नेमके होते: पुढे न्यायचेच आहे, इंजेक्शन देऊनच न्यायचे आहे, कारण रस्त्यातले तीन तास वाहिनी बंद ठेवून काढायचे नाहीत. धोकाही त्याने लपवला नाही. शंभरात सुमारे एकाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, असे त्याने स्पष्ट सांगितले. मग सही झाली.

शेवटची पाच मिनिटे औषध आणण्यात गेली. टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची कुपी औषध भांडारातल्या कुलूपबंद कपाटात होती आणि किल्ली दुसऱ्या इमारतीतल्या परिचारिकेकडे. महाग औषध म्हणून ते जपून ठेवलेले होते.

दरम्यान हे इंजेक्शन देण्याच्या आड येणाऱ्या बाबी तपासल्या गेल्या: पूर्वी पक्षाघात नाही, अलीकडे डोक्याला मार किंवा शस्त्रक्रिया नाही, पोटातून रक्तस्राव नाही, रक्तदाब जास्त नाही. रक्ताची नवी गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन ३२५ मिलिग्रॅम चावून खायला दिले, क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम दिले, एनोक्झापारिन ३० मिलिग्रॅम शिरेतून आणि त्यानंतर वजनाच्या प्रमाणात त्वचेखाली दिले. साठ ते सत्तर किलोच्या दरम्यान वजन असल्याने टेनेक्टेप्लेजची मात्रा ३५ मिलिग्रॅम ठरली आणि ५.३६ वाजता ती एका दमात शिरेत गेली. गुठळी विरघळवणारे दुसरे औषध, स्ट्रेप्टोकायनेज, असते तर पंधरा लाख युनिट अर्ध्या ते एक तासात थेंबाथेंबाने द्यावे लागले असते आणि रक्तदाब आणखी घसरण्याची धास्ती राहिली असती. रुग्णवाहिकेत बसण्याआधी उपचार पूर्ण होणे हा टेनेक्टेप्लेजचा तालुका पातळीवरचा मोठा गुण आहे.

५.५१ वाजता रुग्णाचे डोळे फिरले आणि मॉनिटरवर जवनिकांचे निव्वळ थरथरणे दिसू लागले. छाती दाबणे सुरू झाले, २०० ज्यूलचा एक शॉक दिला आणि ठोके परत आले. मेहुण्याची गाडी त्याच्या म्हणण्याप्रमाणे सव्वापाचला निघाली असती, तर त्या क्षणी ती कुठल्यातरी वळणावर असती आणि गाडीत असा शॉक देणारे यंत्र, डिफिब्रिलेटर, नसते.

रस्ता

१०८ क्रमांकाला फोन ५.२१ वाजता झाला होता. डॉक्टर आणि डिफिब्रिलेटर असलेली रुग्णवाहिका ६.१० ला रुग्णाला घेऊन निघाली. घाटातली वळणे, दाट धुके आणि मध्येच जाणारी मोबाइलची रेंज हे लक्षात घेऊन दक्षिणेचा रस्ता धरला गेला. साधारण अर्ध्या तासाने मॉनिटरवर रुंद, संथ ठोक्यांच्या रांगा दिसू लागल्या आणि आपोआप थांबल्या. वाहिनीतून रक्त पुन्हा वाहू लागल्यावर असे ठोके दिसतात, त्यामुळे रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना हायसे वाटले.

पण मोजमाप वेगळे सांगत होते. इंजेक्शन यशस्वी झाले की नाही हे ठरवण्याची रूढ कसोटी अशी की साठ ते नव्वद मिनिटांनी काढलेल्या ईसीजीत एसटी भागाची उंची निम्म्याहून अधिक उतरलेली असावी. ७.०६ वाजता, बरोबर नव्वदाव्या मिनिटाला, गाडी रस्त्याकडेला थांबवून ईसीजी काढला. तिसऱ्या लीडमधली उंची चारवरून अडीच मिलिमीटरवर आली होती. दुखणे कमी झाले होते, पण गेले नव्हते. वाहिनी अर्धवट उघडली असावी, एवढाच याचा अर्थ.

अशा वेळी इंजेक्शनचा दुसरा डोस द्यावा, वाट पाहावी, की तातडीने अँजिओप्लास्टी करावी? ब्रिटनमधल्या ४२७ रुग्णांच्या 'रिॲक्ट' या चाचणीने २००५ साली याचे उत्तर दिले आहे. सहा महिन्यांत कोणतीही मोठी आपत्ती न येता राहिलेले रुग्ण तातडीच्या अँजिओप्लास्टीच्या गटात सुमारे ८५ टक्के होते, केवळ औषधांच्या गटात ७० टक्के आणि इंजेक्शन पुन्हा दिलेल्या गटात ६९ टक्के. रुग्णवाहिकेतून केंद्राला फोन गेला आणि तिकडे पथक तयार राहिले. हा रस्त्याकडेचा ईसीजी काढला गेला नसता तर रुग्ण 'इंजेक्शन दिलेला, स्थिर' अशा चिठ्ठीसह आकस्मिक विभागात दाखल झाला असता आणि अँजिओग्राफी बहुधा दुसऱ्या दिवसावर गेली असती.

बावीस मिनिटे

९.०५ ला गाडी केंद्रात पोहोचली आणि रुग्णाला आकस्मिक विभागात न थांबवता थेट कॅथलॅबच्या टेबलावर घेतले. गुठळी विरघळवणारे औषध अंगात असल्याने जांघेतली मोठी धमनी टाळून उजव्या मनगटातली धमनी निवडली. मनगटातून रक्तस्राव कमी होतो आणि झाला तरी बोटाने दाबता येतो. उजव्या हृदयधमनीच्या मधल्या भागात ९९ टक्के अडथळा होता, त्यावर गुठळीचे अवशेष होते आणि पलीकडे रक्त मंद गतीने जात होते. शून्य ते तीन या प्रवाहाच्या श्रेणीत तो दोनवर होता. इंजेक्शनने कसोटी पार केली नव्हती, पण बंद दाराला फट पाडली होती. डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीत ७० टक्क्यांचा वेगळा अडथळा आढळला, तो आजच्या झटक्याला जबाबदार नव्हता.

९.२७ ला तार अडथळ्यापलीकडे गेली. लहान फुग्याने वाट रुंद करून ३ मिलिमीटर व्यासाचा, २८ मिलिमीटर लांबीचा औषध लावलेला स्टेंट बसवला आणि प्रवाह तीनवर आला. गुठळी नळीने खेचून काढण्याचा मोह आवरला गेला. ते प्रत्येक वेळी करावे असे एकेकाळी वाटत असे, परंतु २०१३ आणि २०१५ सालच्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही आणि दुसऱ्या चाचणीत पक्षाघात वाढलेले आढळले. स्टेंट बसल्यावर काही मिनिटांत छातीतले दुखणे पूर्ण थांबले.

हिशेब

दुखणे सुरू झाल्यापासून तार पार होईपर्यंत ४६७ मिनिटे गेली. घरी ९०. खासगी डॉक्टरांची भेट, पुन्हा घर आणि मग ग्रामीण रुग्णालयापर्यंत ११५. रुग्णालयाच्या दारापासून इंजेक्शनपर्यंत ३१. इंजेक्शनपासून गाडी निघेपर्यंत ३४. रस्त्यात १७५. आणि केंद्राच्या दारापासून तारेपर्यंत २२. ज्या बावीस मिनिटांचे फलक रुग्णालयांच्या भिंतींवर लागतात, ती एकूण वेळेच्या विसाव्या भागाहूनही कमी आहेत.

या मिनिटांना किंमत का आहे, हे १९७० च्या दशकात कुत्र्यांवरील प्रयोगांतून रायमर आणि जेनिंग्ज यांनी दाखवले होते. वाहिनी बंद केल्यावर स्नायू एकदम मरत नाही. मृत्यूची लाट हृदयाच्या आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे काही तासांत सरकते. वाहिनी लवकर उघडली तर बाहेरचा बराच थर वाचतो, सहा तासांनंतर वाचवण्यासारखे थोडेच उरते. तरीही गुठळी हे झटक्याचे कारण की परिणाम, हा वाद चालूच होता. १९८० साली अमेरिकेत डीवुड आणि सहकाऱ्यांनी झटक्याच्या ऐन भरात अँजिओग्राफी करण्याचे धाडस केले आणि चार तासांच्या आत आलेल्या रुग्णांपैकी ८७ टक्क्यांत वाहिनी पूर्ण बंद आढळली. तो वाद तिथे मिटला. इटलीतल्या १९८६ च्या 'जिस्सी' चाचणीत सुमारे ११,७०० रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेजने एकूण मृत्युप्रमाण १३ वरून १०.७ टक्क्यांवर आले. पण दुखणे सुरू झाल्यापासून एका तासाच्या आत ते मिळालेल्यांत ही घट १५.४ वरून ८.२ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मी होती. औषध तेच, मात्रा तीच.

या हिशेबाचा उलटा पुरावा अमेरिकेतून आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ९६,७०० रुग्ण होते. चार वर्षांत रुग्णालयाच्या दारापासून फुग्यापर्यंतची मध्यक वेळ ८३ मिनिटांवरून ६७ वर आली, आणि रुग्णालयातील मृत्युप्रमाण ४.८ टक्क्यांवरून ४.७ वर, म्हणजे होते तिथेच राहिले. याची एकाहून अधिक स्पष्टीकरणे दिली जातात. त्यातले एक मला या प्रकरणाच्या संदर्भात महत्त्वाचे वाटते: घड्याळ दारापाशी सुरू केले की दाराअलीकडचे नुकसान मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही ते सुधारतही नाही. भारतातल्या ८९ केंद्रांमधील २०,४६८ रुग्णांच्या 'क्रिएट' नोंदणीत (२००८) लक्षणांपासून रुग्णालयापर्यंतची मध्यक वेळ ३६० मिनिटे होती, आणि रुग्णालयापासून इंजेक्शनपर्यंतची ५०. आपला रुग्ण २०५ मिनिटांत पोहोचला, म्हणजे त्या मानाने लवकरच आला म्हणायचा.

निर्णय बरोबर होता का?

या प्रकरणावर हृदयरोगतज्ज्ञांकडून येऊ शकणारा आक्षेप गंभीर आहे. ज्या 'स्ट्रीम' चाचणीचा (२०१३, १,८९२ रुग्ण) आधार इंजेक्शन देऊन पुढे पाठवण्याच्या पद्धतीला दिला जातो, तीत दुखणे सुरू होऊन तीन तासांच्या आत आलेलेच रुग्ण घेतले होते. आपल्या रुग्णाचे निदान तीन तास बत्तीस मिनिटांनी झाले. जुनी होत जाणारी गुठळी औषधाला कमी दाद देते आणि रक्तस्रावाचा धोका मात्र तितकाच राहतो. 'स्ट्रीम'मध्येही इंजेक्शनच्या गटात मेंदूतील रक्तस्राव १ टक्का होता आणि थेट अँजिओप्लास्टीत ०.२ टक्के. त्या गटातल्या ३६ टक्के रुग्णांना तातडीने कॅथलॅबमध्ये न्यावे लागले, जसे इथेही घडले. मग इंजेक्शन देऊन काय मिळवले?

मला हा आक्षेप मान्य नाही, आणि कारण पुन्हा मिनिटांतच आहे. इंजेक्शन टाळून, मन वळवण्याचा वेळही वाचवून, रुग्णवाहिका पावणेसहाला निघाली असती असे धरले, तरी तीच १७५ आणि तीच २२ मिनिटे मिळवून तार ९ वाजून २ मिनिटांनी पार झाली असती. म्हणजे ईसीजीपासून २३० मिनिटे, शिफारशीच्या जवळपास दुप्पट. आणि पूर्ण बंद वाहिनीनिशी रस्त्यात घालवलेल्या तीन तासांच्या बदल्यात वाचली असती फक्त पंचवीस मिनिटे. 'स्ट्रीम'मध्ये एक महिन्याच्या अखेरीस मृत्यू, शॉक (हृदय दुबळे पडून रक्तदाब कोसळणे), हृदयाची निकामी अवस्था किंवा पुन्हा झटका यांचे एकत्रित प्रमाण इंजेक्शनच्या गटात १२.४ टक्के आणि थेट गटात १४.३ टक्के होते. त्या चाचणीतल्या थेट गटाला जेवढा उशीर झाला, त्याहून कितीतरी अधिक उशीर इथे झाला असता. तीन तास उलटल्याने इंजेक्शनची बाजू कमकुवत होते, हे खरे. पण पर्यायाची बाजू त्याहून कमकुवत होती.

चूक शोधायचीच तर ती ३.१० वाजता आहे. त्या वेळी ईसीजी निघाला असता, किंवा 'इथे यंत्र नाही, तडक ग्रामीण रुग्णालयात जा' एवढे सांगितले गेले असते, तर इंजेक्शन चारच्या सुमारास, पहिल्या अडीच तासांत मिळाले असते, 'स्ट्रीम'च्या मुदतीच्या आत. दुसऱ्या बाजूला ती चोवीस मिनिटे दहावर आणता येण्यासारखी होती आणि त्यासाठी नव्या इमारतीची गरज नव्हती. तमिळनाडूत नेमकी अशी जोडणी करून पाहिली गेली: छोट्या रुग्णालयांनी ईसीजी काढून इंजेक्शन द्यायचे आणि ठरलेल्या मोठ्या केंद्राकडे पाठवायचे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात एका वर्षातील मृत्युप्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. तिथे छोटी रुग्णालये आणि कॅथलॅब एकमेकांशी जोडल्या गेल्या होत्या.

पुढे

मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन १.२ वरून १.४ पर्यंत चढून पुन्हा खाली आले. हृदयाची पंप करण्याची क्षमता ४५ टक्के भरली आणि चौथ्या दिवशी रुग्ण घरी गेला. पुढच्या धमनीतला ७० टक्क्यांचा अडथळा त्याच सकाळी उघडला गेला नव्हता, आणि त्यावरून 'दुसरा ब्लॉक तसाच ठेवला' अशी कुजबुज गावात झाली. पण तो नंतर ठरवून उघडावा, याला २०१९ सालच्या 'कम्प्लीट' चाचणीचा भक्कम आधार आहे. ४,०४१ रुग्णांच्या त्या चाचणीत उरलेले अडथळेही उघडलेल्या गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा झटका यांचे प्रमाण ७.८ टक्के होते, आणि फक्त दोषी वाहिनी उघडलेल्या गटात १०.५ टक्के. पाचव्या आठवड्यात त्या अडथळ्यातही स्टेंट बसवला गेला. घरच्यांनी सर्वांत आधी विचारलेला प्रश्न खर्चाचा होता. औषध लावलेल्या स्टेंटची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने २९,६०० रुपयांवर बांधली, त्यापूर्वी तोच स्टेंट लाखाच्या पुढे जात असे. अशी दुसरी अँजिओप्लास्टी त्यानंतरच अनेक घरांच्या आवाक्यात आली.

तीन महिन्यांनी पंपक्षमता ५० टक्के होती. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही वर्षभर चालायचे आहेत. मेच्या मध्यात आंबा उतरवण्याच्या गडबडीत चार दिवस त्याच्या गोळ्या चुकल्या, तेव्हा बायकोने डबा थेट पेटी भरण्याच्या मांडवात नेऊन ठेवला. बिडी सुटली आहे, मशेरी अजून सुटलेली नाही. ग्रामीण रुग्णालयात टेनेक्टेप्लेजची एक कुपी आता आकस्मिक कक्षातल्या फ्रिजमध्ये असते आणि तिच्या शेजारी वजनानुसार मात्रेचा तक्ता चिकटवलेला आहे. त्या खासगी डॉक्टरांकडे ईसीजीचे यंत्र आजही नाही.